चौथी सूचना

"हितं उभं ऱ्हावा मॅडम, माझ्या जागी," यशवंत गुरव म्हणाले आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले.

मी त्यांच्या जागी उभी राहिले. समोरच्या भिंतीवर राखाडी रंगाचं पॅनल होतं, त्यावर दोन ओळींत स्विच आणि दिवे. माझ्या पाठीमागच्या भिंतीत कमरेपासून वर काच होती आणि काचेपलीकडे क्लोरीनची खोली. शहराला जाणाऱ्या पाण्यात मिसळायचा वायू तिथे दोन लांबट लोखंडी टाक्यांत भरलेला असतो. एकेक टाकी माणूस आत आडवा मावेल एवढी. तिथली माणसं तिला टनर म्हणतात.

"काचेतनं बघा. एक नंबरचा टनर कुठल्या अंगाला हाय?"

"डावीकडे."

"आता वळा पॅनलकडं. आता त्यो कुठं आला?"

मी वळले. मघाशी डाव्या हाताला दिसलेला टनर आता माझ्या उजव्या खांद्यामागे होता.

"उजवीकडे."

"आन् एक नंबरचा स्विच?"

तो पॅनलवर डावीकडे होता.

माझ्याबरोबर आलेली फरीदा मुजावर वहीत खोलीचं चित्र काढत होती, तिचं पेन थांबलं. आपण काही सिद्ध करून दाखवलं असा भाव गुरवांच्या चेहऱ्यावर नव्हता. एकोणीस दिवसांपूर्वी, दुपारी तीनच्या सुमारास, याच जागी उभं राहून त्यांनी दोन नंबरचा व्हॉल्व्ह उघडायला म्हणून हात नेला होता आणि एक नंबरचा स्विच दाबला होता. त्या वेळी आत निवृत्ती खरात एक नंबरला नवा टनर जोडत होते. नट अजून आवळायचा होता, त्या फटीतून वायू सुटला. मास्क गळ्यात लोंबत होता. निवृत्ती चौथ्या दिवशी दवाखान्यात वारले.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी तेव्हा विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व्यवस्थापन विभागात मानवी घटक हा विषय शिकवत होते. यंत्रासमोर बसलेला माणूस का चुकतो, आणि तो चुकू नये म्हणून यंत्र कसं असावं, एवढाच खरं तर तो विषय. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर 'माणूस चुकला' असं लिहायचे आणि त्यावर काट मारायचे. "चौकशीचा अहवाल या दोन शब्दांवर संपत असेल, तर चौकशी झालेलीच नाही असं समजा," हे माझं ठरलेलं वाक्य. मुलांना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

म्हणूनच पिंपळडोहच्या नगरपालिकेनं अपघाताच्या चौकशीसाठी तिघांची समिती नेमली, तेव्हा त्यात माझं नाव आलं. अध्यक्ष होते देवस्थळी, निवृत्त अधीक्षक अभियंता. तिसरे पालिकेचेच एक अधिकारी, ते सही करण्यापुरते. फरीदा माझी विद्यार्थिनी. दिवसा एका पंपाच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी एम.टेक.चे वर्ग. माझ्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न तिचे असत, म्हणून तिला मी मदतीला घेतलं होतं.

"एवढं उलटं असताना तुम्ही चार वर्षं चालवलंत कसं, काका?" तिनं विचारलं.

"पट्ट्या लावल्या हुत्या की." गुरवांनी पॅनलवर बोट ठेवलं. "वायरमन लोक वापरत्यात तसली चिकटपट्टी. एक नंबरच्या स्विचला लाल, दोन नंबरच्याला हिरवी. आत टनरच्या वर भिंतीला बी तशीच. निवृत्तीनंच बाजारातनं आणलेली. मग डावं-उजवं बघायचं कामच न्हाई. लालला लाल."

"मग आता कुठे आहेत?"

"काढायला लावल्या. दिवाळीच्या आधी तपासणी आली. त्यास्नी फायलीत कुठलातरी कागद घावला. पॅनलवर आपल्या मनानं काय चिकटवायचं न्हाई, असं लिवलंय म्हणाले. मीच ब्लेडनं खरडून काढल्या." स्विचच्या खाली डिंकाचा मळकट डाग होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "त्यानंतर दीड म्हयना बी न्हाई झाला."

मला संताप आला. माझ्या विषयाच्या पुस्तकात छापावं असं ते उदाहरण होतं. माणसानं स्वतःच्या अकलेनं यंत्राची खोड झाकून ठेवलेली, आणि कुणीतरी खुर्चीत बसून ती अक्कल खरवडून टाकायला लावलेली.

"फरीदा, तो कागद शोध," मी म्हणाले. "ते वाक्य कोणी लिहिलं ते मला बघायचंय."

"कागद कुणाचा का आसंना मॅडम," गुरव म्हणाले. "हात माझा हुता."

फरीदा त्यासाठी तीनदा पालिकेत गेली. आठवड्याभरानं, वर्ग सुटल्यावर ती माझ्या खोलीत आली. मी उत्तरपत्रिका तपासत होते. एरवी ती न विचारता खुर्ची ओढून बसायची, त्या दिवशी उभीच राहिली.

"मिळाला, मॅडम."

तिनं छायाप्रत टेबलावर पालथी ठेवली. मी ती उलटून वाचली. पॅनल बनवणाऱ्या कंपनीनं पालिकेला दिलेलं ते प्रमाणपत्र होतं. 'वरील आराखडा मानवी घटकांच्या निकषांवर तपासला असून योग्य आढळला.' खाली पाच सूचना. चौथी अशी: 'पॅनलवर चालकांनी स्वतःच्या खुणा अथवा चिकटपट्ट्या लावू नयेत, असल्यास काढून टाकाव्यात.' त्याखाली आमच्या विभागाचा शिक्का आणि माझी सही.

मी पुन्हा वाचलं. मग तारीख पाहिली आणि हळूहळू सगळं आठवलं. त्या वर्षी विद्यापीठाच्या मूल्यांकनाची धावपळ चालू होती. एका कंपनीनं एकदम अकरा आराखडे पाठवले होते. त्यांवर गावांची नावं नव्हती, नुसते क्रमांक. मी ते एका दुपारी तपासले. बटणांमधलं अंतर, अक्षरांचा आकार, दिव्यांचे रंग, सगळं नियमात बसत होतं. आराखड्यात पॅनल होतं, पण खोली नव्हती. भिंत नव्हती, काच नव्हती, माणूस कुठे तोंड करून उभा राहणार ते नव्हतं. मी विचारलं नाही. जागा बघायला जावं असं मनात आलं होतं का? आलं असावं. अकरा ठिकाणी कोण जाणार, असंही लगेच आलं असावं.

चौथी सूचना मी सगळ्या अकरा प्रमाणपत्रांत घातली होती. चिकटपट्ट्यांमुळे मूळ अक्षरं झाकली जातात, म्हणून ती घालायची पद्धतच आहे. पण वर्गात मी त्याच्यापुढे आणखी एक वाक्य सांगायचे. पट्टी दिसली तर ती काढायच्या आधी, ती का लावावी लागली हे लावणाऱ्याला विचारा. ते वाक्य मी कागदावर लिहिलं नव्हतं.

"हे अहवालाला जोडायचं ना, मॅडम?" फरीदानं विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

ती दार ओढून गेली.

दुसऱ्या दिवशी मी देवस्थळींच्या घरी गेले. सत्तरीला आलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, फरीदाला आणि आता तुम्हाला."

"हे पुढे केलंत की तुम्हाला समितीतून बाहेर पडावं लागेल. आणि ते योग्यच आहे."

"म्हणूनच आले मी."

"पण मग तुमच्या जागी कोण येईल, तेही ऐका. पालिकेला हवा तो माणूस येईल आणि अर्ध्या पानात लिहून मोकळा होईल, की चालकाचा निष्काळजीपणा. गुरवांवर गुन्हा दाखल आहेच. नोकरी जाईल, निवृत्तिवेतन अडकेल, कदाचित तुरुंगही होईल. तुम्ही राहिलात तर पॅनल उलटं बसवलंय हे ठामपणे लिहाल, आणि तुमच्या शब्दाला वजन आहे. माणूस वाचेल." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "मी तुम्हाला काय करा ते सांगत नाही. दोन्ही बाजू सांगतोय."

"हे मला खरंच पटतंय, की सोयीचं आहे म्हणून पटतंय, तेच कळत नाही," मी म्हणाले.

"दोन्हीही असू शकतं, होनराव मॅडम."

मी कागद पर्समध्ये ठेवला. घरी जाऊन विचार करीन असं त्यांना सांगितलं, पण त्यांच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत माझं ठरलेलं होतं.

अहवाल बेचाळीस पानांचा झाला. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. खोलीची मापं, वळणाऱ्या माणसाच्या आकृत्या, गुरवांनी दाखवलं ते जसंच्या तसं. पॅनल काचेखालच्या भिंतीवर बसवायला हवं होतं, पण तिथे केबलचा चर आडवा आल्यानं ठेकेदारानं ते समोरच्या भिंतीवर नेलं, हेही शोधून काढलं. पट्ट्यांबद्दल मी लिहिलं, 'अपघातापूर्वी सुमारे सहा आठवडे चालकांनी लावलेल्या खुणा काढून टाकण्यात आल्या.' गुरवांना कामावर परत घेतलं. पोलिसांनी अहवालाची प्रत नेली आणि पुढे गुन्ह्यातून त्यांचं नाव वगळलं गेलं.

छापील प्रत वाचून फरीदा माझ्याकडे आली.

"'काढून टाकण्यात आल्या' असं आहे," ती म्हणाली. "कोणाच्या सांगण्यावरून ते नाही."

"गुरव वाचले ना, फरीदा?"

"हो मॅडम. वाचले."

तिनं प्रत टेबलावर ठेवली. तेवढंच. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, माझ्याशी बोलणंही सोडलं नाही. पण त्या सत्रात उरलेल्या अकरा-बारा तासांत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. मी शिकवायचे आणि ती खाली मान घालून लिहून घ्यायची. एकदा मी मुद्दाम चुकीची आकृती काढली, निदान तेव्हा तरी ती काही बोलेल म्हणून. तिनं ती चुकीची आकृती वहीत उतरवून घेतली.

मार्चमध्ये एका दुपारी गुरव विभागात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी. शिपायानं त्यांना आत सोडलं तेव्हा ते दारातच चपला काढायला लागले.

"राहू द्या, राहू द्या. बसा ना."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. आता त्यांना पालिकेच्या कचेरीत बसवलं होतं, लोकांचे अर्ज घ्यायला. पॅनलही हलवलं होतं. "तुमच्यामुळं झालं हे," ते म्हणाले. "घरात समदी म्हणाली, जाऊन भेटून या. न्हाईतर मी कुठं असतो आज."

"खरातांच्या घरचे कसे आहेत?" मी विचारलं ते विषय बदलावा म्हणून.

गुरवांची मान खाली गेली. "वहिनी मला दारात उभं करत न्हाईत. बारा वर्सं आमी एका पाळीत हुतो मॅडम. निवृत्तीच्या पोरीचं नाव माझ्या बायकूनं ठेवलेलं. मी चार येळा गेलो. त्या म्हणत्यात, पॅनल चुकलं म्हणून तुमी सुटला, पण पॅनलला काय आईबाप असतो का? कुणीतरी केलंच असंल न्हवं?" त्यांनी शेंगांची पिशवी गुडघ्यावर घेतली. "आन् त्यांचं खोटं बी न्हाई. मला बी वाटतं, कागदानं सोडलं म्हणून काय झालं."

मी उठून दार लावलं. ड्रॉवरमधून प्रमाणपत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते वाचायचा प्रयत्न करत होते, पण भाषा अवघड होती. मग मीच सांगितलं. अकरा आराखडे, एक दुपार, चौथी सूचना, आणि ते पान अहवालाला का जोडलं नाही तेही.

त्यांनी कागदावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती.

"तुमी लिवलेलं व्हय ते," शेवटी ते म्हणाले. रागानं नाही. एखादी हरवलेली गोष्ट कुठे होती ते कळल्यावर माणूस बोलतो तसं. "मी लई डोकं खाजवलं हुतं, की असं कोण लिवणार. ज्यानं आमची खोली बघितली त्यो तर लिवणार न्हाई."

"मी बघितली नव्हती."

"तेच म्हणतो मी."

"मी आता हे समितीला आणि विद्यापीठाला लेखी कळवलं, तर अहवाल पुन्हा उघडला जाईल. तुमच्यावरही परत येऊ शकतं. म्हणून आधी तुम्हाला विचारते."

त्यांनी शेंगांची पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. "मला नोकरीची दीड वर्सं ऱ्हायल्यात," ते म्हणाले. "समितीचं तुमी बघा. मला त्यातलं कळत न्हाई. पण मला सांगून काय उपेग? वहिनीला सांगा. तिला म्हणावं, हे मी लिवलं. तुमी सोता या."

मी दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडे पत्रं पाठवली. त्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. समितीचं काम पुन्हा उघडलं, नवीन तज्ज्ञ आले आणि त्यांनी दोन महिने घेऊन पुन्हा तेच लिहिलं, की पॅनल उलटं होतं. ते उलटं होतंच. गुरवांना काही झालं नाही. म्हणजे देवस्थळींनी घातलेली भीती खरी ठरली नाही, आणि मी ती खरी मानली होती, कारण मला मानायची होती. विद्यापीठानं मला लेखी ताकीद दिली, सल्लागारीची कामं पाच वर्षं बंद केली, माझ्याकडचं विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. उरलेल्या दहा आराखड्यांची गावं मी कंपनीकडून मागून घेतली आणि त्या उन्हाळ्यात स्वखर्चानं एकेक करून दहाही ठिकाणी गेले. तीन ठिकाणी पॅनल चुकीच्या भिंतीवर होतं. फरीदा त्यातल्या दोन ठिकाणी माझ्याबरोबर आली. आम्ही कामापुरतं बोललो.

पण ते सगळं नंतरचं. पत्रं टाकली त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी एसटीनं पिंपळडोहला गेले. गुरव स्टँडवर थांबले होते. तिथून खरातांचं घर चालत दहा मिनिटांवर. वाटेत ते एकदाच बोलले, "त्या काय बी बोलल्या तर वाईट वाटून घिऊ नका." मी हो म्हटलं.

घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं छोटं अंगण. दार उघडंच होतं. मंगल खरात आत शिवणयंत्रावर बसल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या. मी कोण ते गुरवांनी अंगणातूनच सांगितलं. त्या उठून दारात आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या बाई, आत या." मग गुरवांकडे न बघता, "त्यांना म्हणावं, तिथंच थांबा."

"मी पण इथेच बोलते," मी म्हणाले. "त्यांच्यासमोरच बोलायचंय."

त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि मी अंगणात. वर्गात मी चार-चार तास न अडखळता बोलत असे. तिथे माझी तीन वाक्यं नीट झाली नाहीत. मी म्हणाले, पॅनल बरोबर आहे असा दाखला मी दिला होता. पट्ट्या काढा असं मीच लिहिलं होतं. गुरवांनी त्या लावल्या होत्या ते बरोबरच होतं, त्या असत्या तर त्यांचा हात चुकला नसता. आणि हे मला कळलं त्यानंतरही मी तीन महिने लपवून ठेवलं.

मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, तिला त्यांनी हातानंच आत जायला सांगितलं.

"तुम्ही बघायला आला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमचं विद्यापीठ किती लांब आहे इथून?"

"दीड तास."

"एसटीनं?"

"हो. एसटीनं."

त्यांनी मान हलवली. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मनातल्या मनात ते अंतर मोजल्यासारख्या, दीड तास जायला आणि दीड तास यायला. मग त्यांनी पहिल्यांदा गुरवांकडे पाहिलं. गुरव अंगणाच्या कडेला, कुंपणाच्या तारेला हात लावून उभे होते, खाली बघत.

"उन्हात कशाला उभं आहात, भावोजी," त्या म्हणाल्या. "आत या. बसा."

गुरव लगेच हलले नाहीत. मग त्यांनी चपला काढल्या, त्या नीट जोडून भिंतीशी ठेवल्या आणि माझ्या शेजारून आत गेले. आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पितळी तांब्या माठात बुडाल्याचा आवाज आला.

मला त्यांनी पुन्हा 'या' म्हटलं नाही. 'जा' असंही म्हटलं नाही. दार उघडंच होतं. मी अंगणात उभी राहिले.